द्वारकेनं खुर्चीचा वसा घेतला त्याची कहाणी

ऐका खुर्चीमाये, तुझी कहाणी. आणि मागं बसून कुजबुजणाऱ्या बायांनो, तुम्हीही ऐका. हळदीकुंकू कुठं पळून जात नाही.

आटपाट नगर होतं, पण तिथं राजा नव्हता. ग्रामपंचायत होती. त्या नगरात द्वारका नावाची एक भाजीवाली होती. तिचा नवरा हणमंता, सासू भागाबाई. दर बुधवारी सासू-सुना आठवडी बाजारात गोणपाट अंथरीत, मेथी, वांगी, मिरच्या मांडीत. सकाळी बसत, दिवेलागणीला उठत. दिवसभर पाण्याचा थेंब पीत नसत. का पीत नसत? बाजारात बाप्यांना मुतारी होती, बायांना आडोसासुद्धा नव्हता. प्यायलं तर जायचं कुठं? चाळीस वर्षं भागाबाई अशी कोरड्या घशानं भाव सांगत आली, आणि चाळीस वर्षांत एका बाप्याला हे सुचलं नाही.

एके वर्षी आरक्षणाची सोडत निघाली. सरपंचपद बाईला आलं. गावाचे डोळे पांढरे झाले. मग हणमंतानं द्वारकेचा अर्ज भरला. पोस्टरावर आपला फोटो मोठा छापला, तिचा लहान छापला. निवडून ती आली, हार त्याच्या गळ्यात पडले. गाडीवर त्यानं ‘सरपंच’ असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशी द्वारकेची गत झाली.

मग पहिली सभा झाली. हणमंता खुर्चीवर बसला, द्वारकेनं चहा केला. मग दुसरी सभा झाली. हणमंता खुर्चीवर बसला, द्वारका कोपऱ्यात सतरंजीवर बसली. मग तिसरी सभा झाली. तिला कुणी बोलावलंच नाही. रजिस्टर घरी आलं, तिनं पिठाचे हात पुसले आणि सही केली. बायांनो, कपाळ बडवून घ्यावं की नाही?

पुढं बुधवार आला. ऊन चढलं. एक म्हातारी काठी टेकीत आली. म्हणाली, “बाई बाई, तहान लागली, पाणी दे.” द्वारकेनं तांब्या दिला. म्हातारी अर्धा प्याली, म्हणाली, “उरलेलं तू पी.”

“नको, आजी. प्याले तर जायचं कुठं?”

“अगं, गावची सरपंच ना तू?”

“कागदावर आहे.”

म्हातारीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, “तुला एक वसा सांगते, पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.”

“उतायची नाही, मातायची नाही, टाकायची तर नाहीच. काय करावं ते सांग.”

“आपल्या खुर्चीवर आपण बसावं. वाचल्याबिगर सही करू नये. दर सभेत एक प्रश्न मोठ्यानं विचारावा आणि उत्तर मिळेस्तोवर उठू नये. पाच वर्षं पुरी झाली की खुर्ची पुसून पुढच्या बाईला द्यावी. हा खुर्चीमायचा वसा.” असं म्हणून म्हातारी गर्दीत दिसेनाशी झाली.

मग द्वारका पुढच्या सभेला गेली. खुर्चीपाशी उभी राहिली, म्हणाली, “अहो, उठा.” हणमंता म्हणाला, “वडीलधारी माणसं समोर बसलीत, आणि तू खुर्चीवर बसणार? लोक काय म्हणतील?” ती हलली नाही. शेवटी तो उठला. ती बसली. म्हणाली, “बाजारात बायांची मुतारी कधी बांधायची?” एक मेंबर खोकला. दुसऱ्यानं पंख्याकडं पाहिलं. तिसरा म्हणाला, “पुढच्या सभेत बघू.” द्वारका उठली नाही. जेवणवेळ झाली, तरी उठली नाही. बाप्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा ठराव झाला. जागाही ठरली, बाजाराच्या तोंडाशी. भागाबाईनं सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

इथं कहाणी संपली असती तर किती बरं झालं असतं! पण तालुक्याहून पक्षाची गाडी आली. “ताई, तुमच्यासारखी धडाडीची बाई आम्हांला हवी. महिला आघाडीच्या अध्यक्ष व्हा.” पक्षानं तिला बिल्ला दिला, साडी दिली, व्यासपीठावर जागा दिली. ती मागच्या रांगेत होती, पण दिली. द्वारका हरखली. आणि महिला आघाडीचं काम काय? एक पुढारी आला, ओवाळा. दुसरा पुढारी आला, ओवाळा. तिसरा आला, त्याला उशीर झाला, तोवर निरांजनात तेल घाला. भाषणं बाप्यांनी केली, तिकिटंही बाप्यांनी वाटली. बायांनी साड्यांचा रंग तेवढा एक ठेवला.

तालुक्याला पक्षाचा मेळावा, त्याच दिवशी गावची सभा आली. हणमंता म्हणाला, “तू जा, सभेचं मी बघतो. एवढी एक सही करून ठेव.” पान कोरं होतं. द्वारकेचं लक्ष निऱ्यांत होतं. तिनं सही केली. उतली, मातली, घेतला वसा टाकला.

पुढचा बुधवार आला. सासू-सुना बाजारात गेल्या. मुतारीच्या जागेवर खड्डे खणलेले. द्वारकेनं विचारलं, “मुतारीचे का रे?” गवंडी म्हणाला, “नाही बाई. स्वागत कमान व्हायची. वर हणमंतरावांचं नाव यायचंय.” भागाबाईनं ते ऐकलं, परत गोणपाटावर जाऊन बसली. दुपारी मिरच्या तोलता तोलता कलंडली. अंगात फणफणून ताप. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “आजी, लघवी दाबून दाबून मूत्रपिंडाला सूज आलीय. पुन्हा असं केलंत तर जिवावर बेतेल. दिवसभर पाणी पीत जा.”

“पिईन की,” भागाबाई म्हणाली. “जायचं कुठं, तेवढं सांगा.”

डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहून दिल्या.

द्वारका तडक पंचायतीत गेली. “कमानीचा ठराव कुणी केला?” ग्रामसेवकानं रजिस्टर उघडलं. खाली सही तिचीच. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दारात येऊन पाहते तर तीच म्हातारी काठी टेकून उभी. द्वारका पाया पडली. “चुकले माये, क्षमा कर.”

“मला काय सांगतेस? जिथं चुकलीस तिथं सांग.”

मग द्वारकेनं सभा लावली. पंचायतीत सात मेंबर. तिला धरून चार बाया, तीन बाप्ये. पण बाकीच्या तिघींपैकी एकीनंही खुर्ची पाहिलेली नव्हती, त्यांच्या जागी नवरे जात. द्वारका पहिलीच्या घरी गेली. ती सारवत होती. “मी येऊन काय करू? आमचे हे जातात की.” “सही कुणाची?” “माझी.” “मग चल.” दुसरीच्या घरी गेली. ती शेळ्यांना पाला घालत होती. “मी येऊन काय करू? आमचे हे जातात की.” “सही कुणाची?” “माझी.” “मग चल.” तिसरीला सांगावंच लागलं नाही. ती पदर खोचून दारात उभीच होती.

सभा भरली. द्वारका उठून म्हणाली, “कमानीच्या ठरावावर सही माझी आहे. पान कोरं होतं. त्या दिवशी मी इथं नव्हते, तालुक्याला पुढारी ओवाळत होते. चूक माझी. हा ठराव रद्द करा, मुतारी आधीच्या जागी बांधा.”

हणमंता ओरडला, “वेडी झालीस काय? असं कबूल केलंस तर पद जाईल!”

“जाऊ दे. सासूबाई जायला नकोत.”

“लोकांत माझी शोभा करतेस? बायामाणसांनी खुर्चीवर बसून असले विषय काढायचे?”

तेव्हा दारातून आवाज आला. भागाबाई अंगात ताप घेऊन, भिंत धरून उभी होती. “हणमंता, बाजारात गोणपाटावर बसायला आई चालते, बायको चालते. तिथं बसून आणलेली भाकर तुला गोड लागते. खुर्चीवर बसली की तुझी शोभा होते, होय रे?”

मग ग्रामसेवक म्हणाला, “ठराव रद्द करण्याच्या बाजूचे हात वर करा.” चार बायांचे हात वर गेले. “विरोधातले?” तीन मेंबरांचे हात गेले. सवयीनं तिघी बायांच्या नवऱ्यांचेही गेले. हणमंताचाही गेला. द्वारका म्हणाली, “हजेरीत ज्यांची नावं आहेत, तेवढेच हात मोजा, भाऊसाहेब.” चार विरुद्ध तीन झाले. नवऱ्यांचे हात हळूहळू खाली आले.

पद जाईल म्हणून सगळ्यांनी भिववलं. अर्ज झाले, चौकशी झाली, ताकीद मिळाली, पण पद राहिलं. खड्डे खणलेलेच होते, त्यांतच पाया भरला, मुतारी उभी राहू लागली. हणमंता तीन दिवस फुगून बसला. चौथ्या दिवशी म्हणाला, “कमानीवर माझं नाव यायचं होतं.” द्वारका म्हणाली, “हौस असेल तर मुतारीवर टाकू.” त्यानंतर त्यानं नावाचं नाव काढलं नाही.

मग मुतारी पुरी झाली आणि एक बुधवार आला. भर दुपार होती. बाजार गच्च भरला होता. भागाबाईनं तांब्या उचलला, सुनेकडं पाहिलं, आणि घटाघटा पाणी प्याली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाजारात पाणी प्याली. तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि म्हणाली, “द्वारके, भर ग आणखी.”

खुर्चीमाय जशी द्वारकेला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. पण बायांनो, नुसत्या अक्षता टाकून ती पावायची नाही, आधी खुर्चीवरून दुसऱ्याला उठवावं लागतं. ही साठ सबबींची कहाणी चार हातांनी सुफळ संपूर्ण.