खांबाला हात

त्या समुद्राला बाहेर जायला कुठेच वाट नव्हती. चहूकडून जमीन, आणि नद्या देतील तेवढ्यावर त्याचा संसार. नद्यांचा हात अलीकडे आखडला होता, म्हणून तो दरवर्षी काठापासून थोडा मागे सरके. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती.

काठावर होड्या बांधायचा एक जुना लाकडी खांब होता. त्याच्या अंगावर पाण्याच्या जुन्या खुणा होत्या, एकीखाली एक, आणि आता बुडाशी नुसती वाळू. या खांबावर पाणकावळी राहायची. सगळ्यांच्या घरातलं तिला ठाऊक असे, आणि जे नसे ते ती विचारून घेई. पण मनाने वाईट नव्हती. कुणाचं पिल्लू हरवलं तर सगळ्यांत आधी हीच उडायची.

दर हिवाळ्यात उत्तरेकडून बर्फाची चादर येई. सगळे तिला मावशी म्हणत. सीलांची बाळंतपणं मावशीच्याच पाठीवर व्हायची. सीलचं बाळ पांढऱ्या लोकरीत जन्मतं, आणि ती लोकर झडेपर्यंत, म्हणजे चारेक आठवडे, त्याला पाणी सोसत नाही. तेवढे दिवस मावशी त्याला कोरडं ठेवी. येताना ती पसरत पसरत पार काठापर्यंत जाई आणि खांबाला हात लावी. तो तिचा मान होता.

यंदा मावशी उशिरा आली, आणि इतकी पातळ की तिच्यातून खालचे मासे दिसत. पाणकावळीने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, वाटेत ऊन फार लागलं. पण समुद्राला बोलू नकोस, आणि भुरीला तर नकोच. भुरी ही पहिलटकरीण सील. दिवस भरलेले, बाकीच्या थंडीमागे लांब निघून गेल्या, हिला ते झेपलं नाही.

इकडे समुद्राने मावशीला सांगितलं की सगळं पहिल्यासारखं आहे, ऐसपैस पसर. आलेल्या पाहुणीला घरातली ओढाताण कोण सांगतं? त्यानेही पाणकावळीला बाजूला घेऊन गप्प राहायला विनवलं. साऱ्या किनाऱ्यात जिचं तोंड प्रसिद्ध, तिच्याच तोंडाला दोन कुलपं लागली.

मावशी खांब गाठायला अंग ताणू लागली. ताणावं तितकी ती विरत गेली, आणि खांब काही येईना. तिला वाटलं, आपणच थकलो. समुद्राला वाटलं, मावशी आहे, निभावेल. तिसऱ्या दिवशी सकाळी भुरी कशीबशी मावशीच्या पाठीवर चढली, आणि तिच्या पोटाखाली एक बारीक रेघ तडकत गेली.

पाणकावळीने ती रेघ पाहिली आणि उडून थेट दोघांच्या मध्ये येऊन बसली.

"मावशी, खांब कोरड्यात आहे," ती म्हणाली. "पाणीच चाळीस पावलं मागे गेलंय. जन्मभर ताणलंस तरी हात पोचायचा नाही. आणि भाऊजी, तुम्ही जरा हिच्याकडे नीट बघा. आरपार दिसतेय. तुम्ही दोघं एकमेकांची लाज राखत बसा, पोर बुडेल तिकडे."



"खरं सांगितलं असतं तर तू आली नसतीस," समुद्र म्हणाला.

"आणि मी सांगितलं असतं," मावशी म्हणाली, "तर तुम्ही ये म्हटलं नसतं."

मग तिने खांबाकडे लांबवलेला हात काढून घेतला. समुद्राने तिच्या कडा लाटेवर अलगद उचलल्या आणि गोधडी दुमडावी तशा एकीवर एक घातल्या. संध्याकाळपर्यंत सगळी खाडी झाकणारी मावशी एका अंगणाएवढी झाली, पण चौपदरी. तिथे भुरी बाळंत झाली.

पाणकावळी रोज चौकशीला जाई. दूध पितं का, लोकर कुठवर झडली, नाक कुणावर गेलंय. भुरी कंटाळून पाठ फिरवी. ही वळसा घालून येई आणि तेच विचारी. ऊन तापत चाललं, मावशी कडेकडेने कमी होत गेली. आधी अंगण गेलं, मग ओटा, मग पाटाएवढी जागा उरली. समुद्र त्या दिवसांत लाटसुद्धा जपून उचले.

शेवटची लोकर झडली त्या दुपारी बाळ पाण्यात सुळकन उतरलं, आणि पोहलं. मागे मावशी बोटभर राहिली होती.

"यंदा खांबाला हात लावायचा राहिला गं," ती म्हणाली.

पाणकावळीने, जन्मात पहिल्यांदाच, उलट काही विचारलं नाही. तो तुकडा तिने चोचीत उचलला, चाळीस पावलांची वाळू ओलांडली आणि खांबाच्या माथ्यावर ठेवला.

तिथून एक थेंब निघाला. सगळ्यांत वरची खूण त्याने भिजवली, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची, आणि बुडाच्या वाळूपर्यंत पोचला.