तलवार धरणारे हात

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह डोंगरखिंडीतल्या नाक्यावर तपासणीला येऊन राहिले. सात राजांनी नुकताच करार केला होता. तलवारी कोणाच्या रक्षणासाठी हव्यात, याचा दाखला घेणाऱ्याने लिहून द्यावा. त्यावर सातही मुद्रा उमटल्याशिवाय एकही तलवार सीमेपार जाऊ नये. कराराचा मसुदा शिष्यानेच लिहिला होता. एकेका शब्दावर दिवस घालवले होते. खिंडीखालच्या खोऱ्यात त्याची बहीण नांदत होती, आणि गेल्या साली तिथली दोन गावे टोळीवाल्यांनी कापून काढली होती.

एके सकाळी एक व्यापारी चार गाड्या घेऊन आला. गाड्यांत दोनशे तलवारी होत्या. खोऱ्यातल्या धान्यकोठारांच्या राखणदारांसाठी, असे दाखल्यात लिहिले होते. शिष्याने दाखला तीनदा वाचला.

"गुरुजी, सातही मुद्रा स्वच्छ आहेत. शब्द मसुद्याबरहुकूम. सोडू या?"

आचार्यांनी दाखला हातातही घेतला नाही. ते व्यापाऱ्याला म्हणाले, "गाड्या इथेच राहू द्या. राखणदारांना वर बोलवा. ज्याची त्याने तलवार न्यावी."

"वाचता येत नसेल तर तसं सांगा की, बाबा!" व्यापारी हसला. "सात राजांना पटलं, ते तुम्हाला पटेना?"

"राजे खिंडीत बसत नाहीत. मी बसतो."

व्यापारी पाय आपटत खाली उतरला. शिष्य ओशाळून म्हणाला, "गुरुजी, करारात असं कुठेही लिहिलेलं नाही."

"थांबवू नये, असं लिहिलंयस का?"

"नाही."

"मग थांबू."

पाचव्या दिवशी व्यापारी परतला. सोबत अठरा माणसे होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने मूठ आवळून पाहिली आणि तलवार परत केली. "ही फार जड हो. दुसरी द्या." अठराही जण आपापली तलवार घेऊन गेले.

"बाकीचे?" आचार्यांनी विचारले.

"येतायत पाठोपाठ."

"येऊ द्या. आम्ही इथेच आहोत."

व्यापाऱ्याने थोडा वेळ वाट पाहिल्यासारखे केले आणि गाड्या माघारी वळवल्या.

तेव्हा आचार्य शिष्याला म्हणाले, "दाखल्यात तुझे शब्द होते, म्हणून तू विश्वास ठेवलास. पण ते शब्द त्या व्यापाऱ्यानेही वाचले होते. काय लिहिले म्हणजे तू सोडशील, हे तूच त्याला शिकवलेस. त्या म्हाताऱ्याला तलवार जड वाटली, कारण ती त्याला धरायची होती. उरलेल्या एकशे ब्याऐंशी जड आहेत की हलक्या, हे विचारायला कोणीच आले नाही. मग त्या कोणाच्या हाती जाणार होत्या?"

शिष्याला बहिणीचे घर आठवले. त्याने वाटेकडे पाहिले. गाड्यांची धूळ उत्तरेकडे वळली होती.

"तिकडे दुसरी खिंड आहे," तो हळूच म्हणाला.

"नाक्यावर कोण आहे?"

"माझाच सहाध्यायी. मसुदा त्याला तोंडपाठ आहे."

शिष्याने दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि गाडीवाट सोडून, डोंगराच्या आडवाटेने तो झपाझप निघाला.

शस्त्रांच्या करारावर कोणी कोणी सह्या केल्या, हे आपण वाचतो. खिंडीत कोण बसले आहे, हेही विचारावे.