लोकांच्या तोंडी नाव

करोनाच्या दिवसांत गल्लीतल्या बायकांनी ओटीत मिळालेले ब्लाऊजपीस कपाटातून काढून शिवणकाम करणाऱ्या हौसाक्कांना दिले, आणि हौसाक्का सफाई कामगारांसाठी मास्क शिवायला बसल्या. नगरसेवक दुधाळ्यांनी चिंधीसुद्धा दिली नव्हती, तरी ते येऊन बजावून गेले, "भांड्यावर घालतात तसं प्रत्येक मास्कवर दोऱ्यानं माझं नाव घाला, नाहीतर वाटू देणार नाही. लोकांच्या तोंडी माझंच नाव पाहिजे."

हौसाक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मशीन थांबलं नाही.

वाटपाला फोटोवाला घेऊन आलेले दुधाळे मास्क बघून खवळले. "माझं नाव कुठंय?"

हौसाक्कांनी मास्क उलटा करून दाखवला. "आतून घातलंय, साहेब, अगदी तोंडाशी. आता जो शिंकेल तो तुमच्याच नावानं शिंकेल."