वाऱ्याचा जामीन

शके सतराशे त्रेचाळीस, पौष महिना. संक्रांत आठवड्यावर आली. सोनखडीच्या कुंभारवाड्यात सुगडं वाळून खडखडीत झाली होती, आणि ती भाजायला आवा लावायची बंदी होती!

बंदी राजे जगदेवरावांची. मागच्या महिन्यात कोणीतरी आपल्या परसात पालापाचोळा पेटवला. वाऱ्याने एक ठिणगी उडवली. ती नेमकी राजेसाहेबांच्या नव्या मखमली मंडपावर बसली. मंडपाची राख झाली, आणि दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. परवान्याशिवाय कोणाच्या अंगणात, परसात धूर दिसता कामा नये!

गावाची भलतीच तऱ्हा झाली. म्हातारे न पेटवलेल्या लाकडांभोवती हात पुढे करून बसू लागले. एकाने धीर करून शेकोटीचा परवाना मागितला. कचेरीतून उत्तर आलं, "चैत्रात ये."

दौला कुंभाराने तर हायच खाल्ली. सुगीत शेतकऱ्यांनी खळ्यावर त्याला धान्य घातलं होतं ते याच बोलीवर, की वर्षभर मडकी आणि संक्रांतीला घरोघर सुगडं. धान्य निम्मं खाऊन झालं होतं.

"भिवरे, कच्चीच वाटू का गं?" तो लेकीला म्हणाला.

"वाटा की! ओला हरभरा आणि ऊस भरला की सुगडाचा चिखल बायांच्या पदरात. मग पुढच्या सुगीला खळ्यावर तोंड दाखवा!"

भिवरा उठली आणि परवाना मागायला कचेरीत गेली. कारभारी बाबाजीपंत लोडाला टेकून पान चघळत होते.

"शेजाऱ्यांची संमती आण," पंत म्हणाले.

तिने आणली.

"पाण्याचे रांजण भरून ठेव."

"कुंभाराच्या घरी रांजणांना काय तोटा! भरून आलेय."

"आता वाऱ्याचा जामीन आण."

"कोणाचा?"

"वाऱ्याचा! आवा पेटल्यावर वारा भलतीकडे वाहणार नाही, अशी हमी देणारा कोणीतरी आण."

"असा जामीन मिळतो कुठं, पंत?"

"ते आम्ही कसं सांगणार? आमचं काम मागण्याचं!"

भिवरा तशीच दरबारात गेली. राजेसाहेबांनी तिचं ऐकून घेतलं आणि मिशीवर ताव दिला.

"वाऱ्याच्या जामिनाचं कलम मीच घातलंय. माझा शब्द मागे जात नाही. उद्या सकाळी जामीन घेऊन ये. आणलास तर परवाना हातोहात. नाही आणलास तर दरबाराचा वेळ खाल्ल्याबद्दल तुझ्या बापाचं चाक जप्त!"

दौलाला हे कळलं तेव्हा तो चाकाजवळच बसला. जेवायलाही उठला नाही. "भिवरे, काय करून बसलीस! आवा गेला तर गेला, आता चाकही घालवलंस!"

"चाक अजून तुमच्यापुढंच आहे, आबा. जेवून घ्या."

सकाळी दरबार भरला. गंमत बघायला सारा गाव लोटला. भिवरा आली ती एकटीच.

पंत खुदकन हसले. "काय गं, जामीन वाटेतच उडाला का?"

"नाही पंत, माझ्या आधी येऊन बसलाय. आधी एक सांगा. या मुलखात चालतं कोणाचं?"

"हे काय विचारणं झालं! राजेसाहेबांच्या हुकमाशिवाय इथं झाडाचं पान हलत नाही!"

राजेसाहेब खूश झाले. गादीवर जरा ताठ बसले.

"खरं का, सरकार?" भिवराने विचारलं.

"अगदी खरं! लहान पोरालाही ठाऊक आहे."

"मग झालं तर! पान हलवतो वारा. तो तुमच्या हुकमाबाहेर नाही, म्हणजे तुमचा चाकर. चाकराला जामीन धन्यानेच राहायचं. सरकार, तेवढी सही करा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. राजेसाहेबांच्या भुवया वर गेल्या.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर दवंडी पिटा, की वाऱ्यापुढं राजाचं काही चालत नाही. मग जे राजाला जमत नाही, ते माझ्या बापाकडून मागू नका."

पंत घाईघाईने पुढे आले. "सरकार, सही करू नका! वाऱ्याचे जामीन झालात तर उडेल त्या ठिणगीची भरपाई आपल्याच गळ्यात!"

"बरोबर बोललात, पंत!" भिवरा म्हणाली. "आणि मागल्या महिन्यात मंडपावर ठिणगी टाकली, तो वारा कोणाचा होता?"

पंतांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

राजेसाहेब एकदा पंतांकडे बघत, एकदा पोरीकडे. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मिशी हलायला लागली, आणि ते गादीवर हात आपटत हसू लागले.

"म्हणजे माझा मंडप मीच जाळला! आणि शिक्षा साऱ्या गावाला! पंत, ते कलम खोडा. आणा तो परवाना, मी सही करतो. आणि आवा पेटेल तेव्हा घागर घेऊन तुम्ही स्वतः तिथं उभे राहा. तुमचा वाऱ्यावर फार डोळा आहे!"

"जी, सरकार," पंत पुटपुटले.

"पोरी, तुला बक्षीस काय देऊ?"

"तुमच्या परसातला पाचोळा द्या, सरकार. महिनाभर कोणी पेटवलेला नाही, ढीग गुडघ्याच्या वर गेलाय. आमचा आवा चांगला भाजून निघेल."

"दिला! गाड्या भरून दिला! वर जरीकाठाचं लुगडंही दिलं!"

त्याच संध्याकाळी आवा लागला. पंत घागर घेऊन उभे राहिले, धूर डोळ्यांत जाऊन रडले, पण ठिणगी एकही उडाली नाही.

भोगीच्या सकाळी बापलेक टोपल्या घेऊन निघाले. ज्या ज्या घरचं धान्य खाल्लं होतं, त्या त्या घरी लाल, खणखणीत सुगडं पोचली. देणं फिटलं.