जुनी वेस, नवी वेस

सोनवेल गाव इतकं वाढलं, की बाजाराच्या दिवशी गाड्या तीनशे वर्षांच्या जुन्या वेशीत अडकून पडू लागल्या. "वेस पाडा," प्रधानजी म्हणाले. गावकरी कुरकुरले. भूपाळराजांना प्रजेची नाराजी नको होती आणि प्रधानजींचीही. त्यांनी तोड काढली.

म्हादबा पाथरवटाला बोलावून ते म्हणाले, "जुनी वेस पाडू, तिचे दगड रस्त्याच्या भरावाला जातील. तू गावाबाहेर नवी बांध. दुप्पट रुंद, कोऱ्या दगडाची, पण हिच्याइतकीच जुनी. पाहुण्यांना पुरातन नगरी दाखवायची आहे. दसऱ्यापर्यंत जमलं नाही, तर गाव सोड."

म्हादबा घरी आला तो डोकं धरूनच बसला. "हौसे, भांडी बांधायला घे," तो लेकीला म्हणाला.

हौसाला आधी हसू आलं, मग बापाचा चेहरा बघून राग आला. "भांडी राहू देत आबा. आधी सामान तर मागून बघू."

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन दरबारात उभी राहिली.

"महाराज, वेस आम्ही बांधतो," ती म्हणाली. "काळा दगड लागेल."

"दिला."

"चुना, त्यात मळायला गूळ, हिरडा."

"दिला."

"आणि तीनशे वर्षं."

प्रधानजी खेकसले, "वर्षं काय कोठारात असतात?"

"कोठारात नाहीत, पण गावात आहेत," हौसा म्हणाली. "जुन्या वेशीत जपून ठेवलीत. तेवढी न सांडता काढून द्या, नव्या वेशीत आम्ही बसवतो."

राजांनी प्रधानजींकडे पाहिलं. "कशी काढाल?"

"वेस पाडली की महाराज..." प्रधानजी बोलता बोलता थांबले.

"पाडली की सांडली," राजे म्हणाले. "बरं पोरी, वेस राहिली. पण गाड्यांचं काय?"

"वेशीला लागून तट कधीचा ढासळलाय. तिथून दोन गाड्या शेजारी शेजारी जातील. फक्त प्रधानजींनी तिथं गुलाब लावून कुंपण घातलंय."

राजे इतके हसले, की मुंडासं सावरावं लागलं. त्यांनी वेशीची देखरेख म्हादबाला वंशपरंपरेनं दिली, हौसाला सोन्याचं कडं दिलं आणि कुंपण उपटायचं काम प्रधानजींना.

"गुलाबांचं काय करू, महाराज?" प्रधानजींनी पडेल आवाजात विचारलं.

"मुळांसकट हलवा," हौसा म्हणाली. "झाडं हलवता येतात."