गवळ्याची रवी आणि जांभळाची वाइन

एका डोंगराच्या अलीकडे गवळ्यांचं गाव होतं आणि पलीकडे जांभळाची वाइन करणाऱ्यांचं. अलीकडच्या गावातल्या एका गवळ्याचं ताक फेसासाठी नावाजलेलं होतं, आणि ही गोष्ट तो दिवसातून चारदा तरी सांगायचा.

त्याच्या मुलीचं मन पलीकडच्या एका तरुणावर जडलं. मुलगा चांगला, घर चांगलं. अडचण होती ती त्या गावच्या रीतीची. मुलीकडच्यांनी घरी जांभळाची वाइन करायची आणि मुलाच्या आजीनं पहिला पेला घ्यायचा. पेला रिकामा झाला तर लग्न ठरलं, अर्धा राहिला तर विषय संपला.

"एवढंच ना?" गवळी म्हणाला. "जन्मभर ताक केलं मी. जांभळाचा रस काय जड जाणार?"

बापलेकीनं दोन रांजण भरले. रस आंबला, वरची खळबळ थांबली. तरी चाखून पाहिलं तर जीभ चुरचुरायची आणि रंग गढूळ.

"आत वायू अडकलाय बाबा. ढवळून बाहेर काढायला हवा," मुलगी म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं, ते बापानं विचारलं नाही.

"मग रवी कशाला आहे?" म्हणत त्यानं आजोबांच्या वेळची रवी पहिल्या रांजणात सोडली, दोरी गुंडाळली आणि तो ताक घुसळावं तसं जोरात घुसळू लागला. दहा-बारा हिसके झाले असतील नसतील, फसफसून फेस वर आला आणि अर्धा रांजण जमिनीवर गेला. घरातली पांढरी मांजर पुढे चार दिवस जांभळ्या पायांनी हिंडत होती.

"बघ, केवढा फेस," गवळी कौतुकानं म्हणाला आणि त्यानं उरलेलंही मनसोक्त घुसळून ठेवलं.

मुलीनं दुसऱ्या रांजणावर झाकण ठेवलं. "हा माझ्याकडे राहू द्या."

आता तिला ढवळायला काहीतरी हवं होतं. घरातली पळी रांजणाच्या निम्म्यापर्यंतही पोचेना. लोखंडी सळईनं चव बिघडली असती. कडुनिंबाच्या कडू काठीचं तर नावच नको. शेवटी तिनं जांभळाचीच लांब फांदी सोलली, घासून गुळगुळीत केली आणि उकळत्या पाण्यात बुडवून काढली.

"हे तर म्हशी हाकायचं दांडकं," बाप हसला.

ती कामाला लागली. सकाळ-संध्याकाळ दांडा तळापर्यंत घालून सावकाश वेढे द्यायची, थांबायची, बुडबुडे वर येऊ द्यायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. आठ दिवसांनी बुडबुडे येईनासे झाले. मग तिनं रांजणाला हातही लावला नाही. महिना-दोन महिन्यांत गाळ खाली बसला आणि वरची वाइन नितळ झाली.

पाहुणे यायच्या दिवशी गवळ्यानं आपला रांजण चाखला आणि आंबटपणानं त्याचे डोळे गच्च मिटले. घुसळताना इतकी हवा आत गेली होती की वाइनचा पार शिरका झाला होता. पाहुणे आले तेव्हा त्यानं गुपचूप लेकीच्या रांजणातला पेला भरून मुलाच्या आजीला दिला.

आजीनं पेला उजेडात धरला, एक घोट घेतला. आजी सावकाश प्यायली आणि रिकामा पेला पालथा घातला.

"कोणी ढवळली ही?" तिनं विचारलं.

आपलं नाव सांगायची गवळ्याला फार इच्छा झाली. पण कोपऱ्यातला दांडा दिसला आणि तो म्हणाला, "लेकीनं, आजी. तिच्या या दांड्याला मी हसलो होतो. मी रवीनं घुसळलेली तिकडे आहे, लोणच्यात घालायला चालेल."

आजी खो खो हसली. मग रवीकडे बघून हळूच म्हणाली, "आमच्या घरी ताक दांड्यानंच ढवळतात हो. आजवर लोण्याचा गोळा पाहिला नाही. मुलीबरोबर ही रवीही पाठवाल का? आणि शिकवायला तुम्ही या."

गवळ्याची छाती फुगली. पाहुणे निघेपर्यंत त्यानं आपल्या ताकाच्या फेसाची गोष्ट चारदा सांगितली. आजीनं ती चारही वेळा ऐकली.

तात्पर्य: अवजार निवडताना आपला हात कशाला सरावलाय ते नाही, समोरच्या कामाला काय हवंय ते बघावं, आणि चुकलं तर हसून सांगून टाकावं.