हरबामामानं खजूर भरले

एका गावात एक भोळा मामा होता. तसा तो मामा एकट्या शेवंतीचा, पण सगळं गाव त्याला हरबामामाच म्हणे. अंगानं धिप्पाड, मनानं निर्मळ. सांगितलेलं काम करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अडचण एवढीच, की तो सांगितलेलंच काम करी. शेळीला नजरेआड करू नकोस, असं एकदा आक्कानं बजावलं, तर हा तिला घेऊन देवळातल्या पंगतीला गेला. शेजारी बसवलं, पत्रावळ मांडायला लावली, आणि वाढप्यानं शेळीला भाजी वाढली नाही म्हणून रुसून बसला.

आक्का म्हणजे हरबाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून लेक शेवंती आणि भाऊ हरबा, दोघांना तिनंच सांभाळलं. हरबाच्या ध्यानात काही राहत नसे, म्हणून तिनंच त्याला एक सवय लावली होती. काही शिकवलं की लगेच उपरण्याला गाठ मारायची. हरबा मान डोलवी आणि गाठ मारी. गाठ मारली की ती गोष्ट त्याच्या डोक्यात अशी पक्की बसे, की मग ब्रह्मदेव आला तरी तिला बाहेर काढू शकत नसे.

एके दिवशी ऐन जेवणाच्या वेळी निरोप आला. वडाच्या वाडीचे पाहुणे दिवस कलायच्या आत शेवंतीला बघायला येताहेत. आक्काचा घास हातातच राहिला. मुलगा शेवंतीच्या मनात भरलेला होता. जत्रेत बैलगाडीचं चाक निखळलं तेव्हा त्यानंच ते बसवून दिलं होतं, आणि तेव्हापासून शेवंती कारण नसताना हसायची. पण त्या घरात शब्द चाले तो मुलाच्या आजोबांचा, आबांचा. आबा म्हणजे कडक माणूस. होकार दिल्याशिवाय मुलीच्या घरी गोडाला तोंड लावायचं नाही, आणि एकदा तोंड लावलं की शब्द दिला, हा त्यांचा नेम पंचक्रोशीत माहीत होता. कितीतरी घरांतून ते नुसतं पाणी पिऊन उठले होते.

लाडू वळायला वेळ नव्हता. पण शेवंतीच्या आत्यानं शहरातून पिशवी पाठवली होती. तिच्यात खजूर, अक्रोड, जर्दाळू आणि खोबऱ्याचा कीस. कसं करायचं तेही आत्यानं सांगून ठेवलं होतं. चूल नको, पाक नको. खजुरातली बी काढायची, आत अक्रोड आणि जर्दाळूचा तुकडा भरायचा, वरून किसात घोळवायचं, की झालं. आक्काला घर सारवायचं होतं, पाणी भरायचं होतं, शेवंतीची वेणी घालायची होती. तिनं इकडं तिकडं पाहिलं. हरबा रिकामा होता.

तिनं त्याच्यापुढं परात ठेवली आणि खजुराला चीर कशी द्यायची ते एकदा करून दाखवलं.

"ध्यानात ठेव. आतलं काढायचं, बाहेरचं ठेवायचं."

हरबानं गाठ मारली.

खजुरांच्या बिया त्यानं अशा झकास काढून ठेवल्या की आक्का खूश झाली. तिनं अक्रोड त्याच्यापुढं ओतले, बत्ता हातात दिला, हेही साफ कर म्हणाली आणि घागर घेऊन बाहेर गेली. हरबानं अक्रोड फोडले. गाठ चाचपली. आतलं काढलं, कोंबड्यांना घातलं. बाहेरचं पुसूनबिसून परातीत रचलं. आक्का आली तेव्हा परातीत टरफलांचा ढीग होता आणि कोंबड्या अंगणात पोटं सावरत बसल्या होत्या.

आक्कानं घागर खाली ठेवली.

"आरं, ह्याचं उलटं असतंय. बाहेरचं टाकायचं, आतलं ठेवायचं."

तसं आधी सांगितलं असतं तर मी तसंच केलं असतं, असं हरबा म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्यानं दुसरी गाठ मारली. उरलेले अक्रोड नीट फोडले. मग जर्दाळू घेतले. दुसरी गाठ ताजी होती. त्यानं जर्दाळूचं बाहेरचं सगळं सोलून शेळीला दिलं आणि आतल्या बिया धुऊन ओळीनं मांडल्या. पंगतीतल्या अपमानाची भरपाई शेळीला त्या दिवशी मिळाली.

आक्का वेणी अर्धी टाकून धावत आली. तिनं कपाळाला हात लावला. मग ती त्याच्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत-बाहेर समदं विसर. हाताला कडक लागंल ते काढायचं आन् मऊ लागंल ते ठेवायचं. हे तरी जमंल न्हवं?"

हे फारच सोपं होतं. हरबानं तिसरी गाठ मारली.

बियांचं काय करू, असं त्यानं विचारलं. बी कधी वाया घालवू नये, परसात पुरावी आणि वर तांब्याभर पाणी घालावं, असं आक्कानं घाईघाईत सांगितलं. हरबानं गाठ मारली, परसात आळं केलं, बिया पुरल्या, पाणी घातलं. परत येऊन खजूर भरायला बसला. चिमूटभर अक्रोड घालून तो पुढच्या खजुराकडं वळू लागला, तेव्हा माजघरातून आक्कानं पाहिलं.

"कंजूषपणा करू नगं. पोकळ दिसलं की भर. पाव्हण्याम्होरं पोकळ काय ठेवू नये."

हरबानं पाचवी गाठ मारली. उपरणं आता आखूड पडायला लागलं होतं.

खजूर मात्र देखणे झाले. टम्म भरलेले, किसात घोळवलेले, ताटात गोल मांडलेले. थोडा खजूर, थोडा अक्रोड आणि थोडा कीस उरला होता. तो कशात भरावा या विचारात हरबा ओसरीवर आला, तेव्हा पाहुणे नुकतेच येऊन टेकले होते. आबा होते आणि त्यांचा पुतण्या केरबा होता. शेजारपाजारची चार माणसं ओसरीच्या कडेला बसली होती. उंबऱ्यापाशी आबांचे जोडे होते. चांगले कातडी जोडे, आणि दोन्ही पार पोकळ. पाहुण्यांसमोर असं बरं दिसत नाही, हे हरबाला लगेच कळलं.

पाहुणे माजघरात जाऊन बसले. शेवंतीनं पाणी दिलं, विचारलं त्याची नीट उत्तरं दिली, मान खाली घालून हळूच हसलीही. आबांचा चेहरा सैल पडला. आक्काचा जीव भांड्यात पडला. खजुराचं ताट समोर आलं तेव्हा आबांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि आधी हातपाय धुऊन येतो म्हणाले. बाहेर आले, जोड्यात पाय घातला आणि तसेच थांबले. पाय निघेना. निघाला तेव्हा पाचही बोटांमध्ये खजूर होता आणि घोट्यापर्यंत खोबरं.

"हे काय हाय?" आबांनी विचारलं.

"भरलेलं जोडं," हरबा म्हणाला. "दुसरा बी भरलाय. काळजी करू नगा."

केरबानं आबांचा पाय धुतला. ते आत येऊन तक्क्याला टेकले, ताट बाजूला सारलं आणि प्रवासानं अंग आंबलंय, घटकाभर आडवा होतो, उठल्यावर काय ते सांगतो, असं म्हणाले. आक्का बिचारी चहाचं आधण ठेवायला गेली. पण शेवंती दाराआड होती. आबा केरबाच्या कानाशी लागले ते तिनं ऐकलं.

"पोरगी गुणाची हाय. पर मामा बघितलास न्हवं? हे वाण आपल्या नातवंडांत उतरलं तर? उठल्यावर पाणी पिऊ आन् निघू."

शेवंती परसात जाऊन रडायला लागली. हरबा तिथं आळ्याकडं बघत बसला होता, काही उगवलंय का म्हणून. शेवंतीला रडताना पाहिलं की त्याला काही सुधरत नसे. लहानपणी तिला त्यानं खांद्यावरून खाली ठेवलीच नव्हती, कारण आक्कानं एकदा पोरीला खाली ठेवू नको म्हणून सांगितलं होतं. काय झालं, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. तुझ्यामुळं झालं, हे तिच्या तोंडून निघेना. ती एवढंच बोलली, "आबांच्या तोंडात एक खजूर गेला आस्ता, तर झालं आस्तं मामा."

एवढंच ना, असं हरबाला वाटलं. एवढ्यासाठी कोणी रडतं का?

शेवंतीनं डोळे पुसले आणि आता काही करू नको, नुसता आबांजवळ बसून वारा घाल, म्हणून विनवलं. हरबा आत गेला, पंखा घेतला आणि वारा घालत बसला. केरबा बैलांना वैरण टाकायला गेला होता. माजघरात दुसरं कोणी नव्हतं. आबा उताणे झोपले होते. त्यांचं घोरणं वाढत गेलं, आणि हळूहळू तोंड उघडलं. चांगलं ऐसपैस उघडलं.

हरबानं वाकून पाहिलं. आत पोकळ होतं.

त्यानं पंखा खाली ठेवला. उपरणं मांडीवर घेतलं आणि गाठी एकेक करून चाचपल्या. पहिल्या दोन्ही रद्द झाल्या होत्या. तिसरी म्हणत होती, कडक ते काढायचं, मऊ ते ठेवायचं. त्यानं आबांच्या तोंडात बोट घालून पाहिलं. वर कडक लागलं, खाली कडक लागलं. जरा हलवलं तसं दोन्ही अल्लद हातात आलं. खजुराच्या बीपेक्षाही सहज. आत आता सगळं मऊ होतं. पाचवी गाठ म्हणत होती, पोकळ दिसलं की भर. त्यानं ताटातला चांगला टपोरा खजूर घेतला, अर्धा या गालात भरला, अर्धा त्या गालात. वरून मिशा खोबऱ्याच्या किसात घोळवल्या. मग जरा लांब होऊन पाहिलं. काम झकास झालं होतं.

चौथी गाठ राहिली होती. बी वाया घालवू नये. हाताशी आलेल्या दोन्ही कवळ्या घेऊन तो परसात गेला.

आक्का चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. आबा उठून बसले होते. डोळे मोठे झाले होते. तोंड हलत होतं. मिशांना खोबरं लागलं होतं आणि ताटातला एक खजूर कमी झाला होता.

"आबांनी तोंड गोड केलं," ती एवढंच म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

ओसरीवरची चार माणसं आत आली. केरबा धावत आला. चुलत्याचा नेम त्याच्याइतका कोणाला माहीत होता? त्यानं एकदा आबांच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा ताटाकडं, आणि सोयरीक झाली म्हणून तिथंच सांगून टाकलं. आबा दोन्ही हात हलवत होते. ते आशीर्वाद देताहेत असं लोकांना वाटलं. खजूर टाळूला घट्ट चिकटला होता, तो ना गिळवत होता ना थुंकवत होता. थुंकायचं तरी कुठं, समोर कुंकवाचं ताट आलं होतं. आबांचा घास उतरेपर्यंत शेवंतीच्या कपाळाला कुंकू लागलं, ओटीत नारळ पडला आणि शेजारची दोन पोरं वाजंत्रीवाल्याला विचारायलाही गेली.

शेवटी एकदाचा घास खाली गेला. उभ्या जन्मात आबांनी शब्द फिरवला नव्हता, आणि नेम त्यांचा स्वतःचाच होता. त्यात खजूर गोड होता हेही त्यांना नाकारता येईना. कवळी बसवल्यापासून कशाची चव म्हणून लागली नव्हती, ती आज लागली होती. त्यांनी शेवंतीकडं पाहिलं. मग हात पुढं करून दुसरा खजूर मागितला. शेवंतीनं तो हसत दिला, आणि घरावरचं मळभ गेलं.

दुसरा खजूर संपल्यावर आबांनी बोळक्या तोंडानं विचारलं, "माजं दात कुठं हायत?"

सगळे इकडं तिकडं बघायला लागले. तेवढ्यात हरबा परसातून आला. हात मातीनं भरलेले, हातात रिकामा तांब्या.

"पुरल्यात," तो म्हणाला. "पाणी बी घातलंय. आता घाई करू नगा आबा. झाड मोठं झालं की घरटी एकेक कवळी यील. लगनाला समदी म्हातारी माणसं आपल्याच दातानं जेवत्याल."

मग माणसं कुदळ घेऊन परसात गेली. हरबा आडवा पडला होता, उकरू नका, मोड दुखावतील म्हणून. वरची कवळी सापडली. खालची मात्र कितीही उकरलं तरी सापडली नाही. आबांनी वरची धुऊन खिशात टाकली आणि खजूर खायला ती लागत नाही असं म्हणून बैलगाडीत बसले.

शेवंतीचं लग्न थाटात झालं. ती सुखानं नांदायला लागली. इकडं हरबा रोज सकाळी आळ्यात तांब्याभर पाणी घालत राहिला, कारण पाणी घालायचं थांबव, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुरलेल्या खजुराच्या बियांपैकी एकीनं पावसाळ्यात माती फोडली. हिरवा, टोकदार कोंब वर आला.

हरबानं त्याच दिवशी वडाच्या वाडीला निरोप धाडला. आबांना सांगा, खालची उगवलीय. एक दात दिसाय लागलाय, पर जरा हिरवा हाय. पिकल्यावर पाठवतो.